किमो जिल्ह्यात येतेय, पण पहिल्या डोसआधीचा प्रश्न कोण विचारणार?

कॅन्सरच्या उपचाराने जीव वाचतो, पण तरुण मुलीची आई होण्याची शक्यता त्यात कायमची जाऊ शकते. ती आधी राखून ठेवण्याची सोय आहे. त्यासाठी हातात असतात जेमतेम दोन आठवडे, आणि ते बहुतेक वेळा कागदपत्रांच्या धावपळीतच निघून जातात.

१ फेब्रुवारी २०२५ रोजी केंद्रीय अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक घोषणा केली होती. तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर सुरू होतील, त्यातली २०० तर २०२५-२६ मध्येच. डे-केअर म्हणजे सकाळी यायचं, किमोचा डोस घ्यायचा, संध्याकाळी घरी. महाराष्ट्रात काही जिल्हा रुग्णालयांत अशी सोय आधीपासूनच आहे. परळला टाटाच्या बाहेर फुटपाथवर दिवस काढलेल्या माणसाला विचारा, या बातमीची किंमत काय ते. एसटीचा एक पास आणि घरची भाकरी, एवढ्यावर डोस होणार असेल तर त्यासारखं दुसरं सुख नाही.

पण डोस जवळ आला म्हणजे डोसाच्या आधी विचारायचे प्रश्नही जवळ यायला हवेत. त्यातला एक प्रश्न मोठ्या शहरातही अनेकदा राहून जातो. गावाकडे तर तो कुणाच्या डोक्यातही येत नाही. तो असा: या मुलीला पुढे मूल हवं आहे का, आणि हवं असेल तर उपचारापूर्वी काही करता येईल का?

बाकड्यावर बसलेली सून

समजा, तालुक्यातल्या एखाद्या गावातली २६ वर्षांची सून आहे. लग्नाला दोन वर्षं झाली, अजून मूल नाही. छातीत गाठ लागली. पहिले काही महिने 'विरघळेल' म्हणत लेप लावण्यात गेले. मग आशाताईने धरून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथून सिव्हिलला, सिव्हिलमधून बायोप्सी. रिपोर्ट यायला पुन्हा दिवस गेले. रिपोर्ट आला तेव्हा नवरा आणि दीर डॉक्टरांच्या केबिनमध्ये, आणि सून बाहेर बाकड्यावर. आतून निरोप एकच येतो, "पेशंटला काही सांगू नका, ती घाबरेल."

त्यानंतर सगळे पळायला लागतात. रेशनकार्ड, आधार, आरोग्यमित्राकडे नोंद, रक्ताच्या तपासण्या, किमोची तारीख. तारीख लवकर मिळाली म्हणून सगळे देवाचे आभार मानतात. ते चूकही नाही, कारण कॅन्सरमध्ये उशीर महाग पडतो.

दोन-तीन वर्षांनी सून बरी होते, केस परत येतात, गाडी रुळावर येते. मग घरात विषय निघतो. पाळी अनियमित झालेली असते, कधी बंदच. सोनोग्राफी करणारे डॉक्टर सांगतात की अंडाशयात स्त्रीबीजं फार उरलेली नाहीत. तेव्हा कुणीतरी विचारतं, "आधी सांगितलं असतं तर?" त्या वेळी या प्रश्नाला उत्तर नसतं. उत्तर होतं ते पहिल्या डोसाच्या आधीच्या पंधरा दिवसांत.

किमो नेमकं काय करते

मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या अंडाशयात आयुष्यभराची सगळी स्त्रीबीजं असतात, सुमारे १० ते २० लाख. वयात येईपर्यंत त्यातली ३ ते ४ लाख उरतात. आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चार-पाचशे. पुरुषाच्या शरीरात बीज रोज नव्याने तयार होतं. बाईचं तसं नाही. हा साठा एकदाच मिळतो आणि संपत जातो.

किमोची औषधं झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशींबरोबर केसांच्या मुळांना, तोंडातल्या आवरणाला आणि अंडाशयालाही मार बसतो. केस परत येतात. स्त्रीबीजं परत येत नाहीत. सगळी औषधं सारखी घातक नसतात. स्तनाच्या कॅन्सरमध्ये सर्रास वापरलं जाणारं सायक्लोफॉस्फामाइड हे अंडाशयाला जास्त इजा करणाऱ्या गटातलं. वयाचाही फरक पडतो. २४ वर्षांच्या मुलीकडे साठा मोठा असतो, ती तरून जाण्याची शक्यता जास्त. ३८ व्या वर्षी तोच डोस साठा संपवू शकतो. ओटीपोटावर रेडिएशन, म्हणजे गावाकडच्या भाषेत 'शेक', दिला तर अंडाशय आणि गर्भपिशवी दोन्हींना धोका.

इथे एक गैरसमज दोन्ही बाजूंनी आहे. किमोनंतर पाळी सुरू झाली म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही, साठा तरीही कमी झालेला असू शकतो. आणि पाळी बंद पडली म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असंही नाही. किमो चालू असताना दिवस राहिले तर ते गर्भाला धोक्याचं असतं, म्हणून त्या काळात गर्भनिरोध पाळावाच लागतो. हेही घरात कुणी बोलत नाही.

हा प्रश्न थोड्या बायकांपुरता आहे असं वाटत असेल तर एक आकडा बघा. जागतिक कॅन्सर संशोधन संस्थेच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात त्या वर्षी १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण होते. त्यात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार बायका, म्हणजे बायकांमधला पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर. आणि आपल्याकडे तो युरोप-अमेरिकेच्या मानाने साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. म्हणजे ज्या वयात कडेवर लेकरू असतं किंवा व्हायचं असतं, त्या वयातल्या बायका यात अधिक.

गोठ्यात पोचलेलं तंत्र

स्त्रीबीज गोठवणं, शहरात ज्याला एग फ्रीझिंग म्हणतात, ते ऐकलं की गावात 'हे सिनेमावाल्यांचं' असं वाटतं. पण हे तंत्र गावाला अनोळखी नाही. गाय भरवायला पशुवैद्यकीय डॉक्टर येतात तेव्हा त्यांच्याकडे वाफ निघणारा कॅन असतो. त्यात द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश. वळूच्या वीर्याच्या कांड्या त्यात वर्षानुवर्षं टिकतात. उरुळी कांचनच्या बाएफसारख्या संस्थेने हे काम महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेलं त्यालाही आता काही दशकं झाली. तुलना कुणाला खटकेल, पण गोठवण्याचं मूळ शास्त्र तेच आहे.

मग बाईचं बीज गोठवायला इतका वेळ का लागला? कारण स्त्रीबीज ही शरीरातली सगळ्यात मोठी पेशी, आणि तिच्यात पाणी भरपूर. हळूहळू गोठवलं की आत बर्फाचे काटे होतात आणि पेशी फाटते. नंतर अतिशय झटक्यात गोठवण्याची पद्धत आली, ज्यात बर्फ धरायला वेळच मिळत नाही. त्यानंतर बीजं वितळवल्यावर टिकण्याचं प्रमाण खूप सुधारलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रजननतज्ज्ञांच्या संघटनेने या उपचारावरचा 'प्रायोगिक' हा शिक्का काढला. तेव्हापासून हा नेहमीचा वैद्यकीय उपचार आहे.

आणि भारत यात मागे नव्हता. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून जन्मलेली मुलगी गोठवलेल्या गर्भातून आली होती. तेव्हा सरकारी समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही आणि १९८१ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून टेस्ट ट्यूब बेबी जन्मली ती मुंबईच्या केईएम रुग्णालयात. केईएम आणि टाटा रुग्णालय परळमध्ये अगदी शेजारी-शेजारी. कॅन्सरचे डॉक्टर आणि मूल होण्याचे डॉक्टर या राज्यात हाकेच्या अंतरावर बसतात. अंतर आहे ते दोघांच्या फाइलींमध्ये.

दोन आठवड्यांचं गणित

हे सगळं होतं कसं ते समजून घेतलं की भीती कमी होते. आधी रक्ताची एक तपासणी, एएमएच नावाची, आणि सोनोग्राफी. त्यावरून साठा किती ते कळतं. मग रोज पोटावर एक छोटं इंजेक्शन, साधारण १० ते १२ दिवस. इन्सुलिन घेणाऱ्याला त्याची सवय असते, तशीच बारीक सुई. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. बीजं पिकली की शेवटचं एक इंजेक्शन, आणि त्यानंतर सुमारे ३६ तासांनी भूल देऊन सोनोग्राफीच्या मदतीने बीजं बाहेर काढतात. चिरा नाही, टाका नाही, बहुतेक वेळा संध्याकाळी घरी. त्यानंतर थोड्याच दिवसांत किमो सुरू करता येते.

पूर्वी यासाठी पाळी येण्याची वाट बघावी लागे आणि त्यात तीन-चार आठवडे जात. आता पाळीच्या कुठल्याही दिवशी सुरू करता येतं. म्हणूनच हे दोन आठवड्यांत बसतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सी, बाकीच्या तपासण्या आणि ऑपरेशन यांत एरवीही इतके दिवस जातातच. शर्त एकच. बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला त्याच दिवशी विषय निघायला हवा, किमोच्या आदल्या दिवशी नव्हे. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने २००६ पासून आपल्या डॉक्टरांना हेच सांगितलं आहे: उपचार ठरवतानाच, सुरुवातीलाच हा विषय काढा.

एक भीती सगळ्यांना असते. ही हार्मोनची इंजेक्शनं, त्याने कॅन्सर भडकणार नाही ना? प्रश्न योग्य आहे, कारण स्तनाचे बरेच कॅन्सर हार्मोनवर वाढतात. म्हणून अशा रुग्णांना सोबत लेट्रोझोल नावाची गोळी देतात, त्याने इस्ट्रोजेनची पातळी फार चढत नाही. आजवरच्या अभ्यासांत या उपचाराने आजार उलटल्याचं दिसलेलं नाही. तरी परवानगी कॅन्सरच्या डॉक्टरांचीच हवी. मूल होण्याच्या दवाखान्यात परस्पर जाऊन हे करायचं नाही.

आणि सगळ्यांना हे जमतंच असंही नाही. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये एकेक दिवस मोलाचा असतो, तिथे दोन आठवडे थांबता येत नाही. रुग्ण फार अशक्त असेल तर नाही. घरात मुलं झालेली आहेत आणि आणखी नको आहेत, तिला तर याची गरजच नाही. जीव आधी, हे कुठल्याही डॉक्टरने आणि नातेवाइकाने विसरू नये.

गोठवलेलं बीज म्हणजे मुलाची हमी, असं कुणी केंद्रवाला सांगत असेल तर सावध व्हा. वितळवताना काही बीजं जातात, काही फळत नाहीत, काही गर्भ रुजत नाहीत. तिशीच्या आतली मुलगी असेल आणि दहा-पंधरा बीजं मिळाली असतील तर आशा चांगली. चाळिशीजवळ ती बरीच कमी. राखून ठेवलेलं बियाणं चांगलं असलं तरी पेर सगळी उगवत नाही, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

बरं झाल्यावर दिवस राहू द्यावेत का

'कॅन्सर झालेल्या बाईने मूल होऊ देऊ नये, आजार उलटतो,' हे वाक्य सासर-माहेर दोन्हीकडे ऐकू येतं. यावर २०२३ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. वीस देशांतल्या, ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेहून अधिक बायका त्यात होत्या. सगळ्यांना हार्मोनवर वाढणारा स्तनाचा कॅन्सर होऊन गेला होता. अशा बायकांना पाच-दहा वर्षं हार्मोनविरोधी गोळी घ्यावी लागते आणि ती चालू असताना दिवस राहू द्यायचे नसतात. या अभ्यासात दीड ते अडीच वर्षं गोळी घेतल्यावर मुलासाठी ती तात्पुरती थांबवली. तीन वर्षांच्या आत आजार उलटण्याचं प्रमाण निघालं ८.९ टक्के. गोळी न थांबवलेल्या तशाच बायकांच्या जुन्या नोंदींत ते होतं ९.२ टक्के. म्हणजे निदान तेवढ्या काळात तरी फरक नाही. ३१७ जणींच्या घरी बाळ आलं. पुढची वर्षं अजून बघायची आहेत, आणि गोळी कधी थांबवायची ते डॉक्टरच ठरवणार. पण 'उलटतोच' असं ठामपणे म्हणायला आता आधार राहिलेला नाही.

पैसे कोण देणार

खरी अडचण इथे आहे. २०२४ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली, रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. आयुष्मान भारतसोबत मिळून वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण. किमो, रेडिएशन, ऑपरेशन त्यात बसतं. पण मूल होण्यासंबंधीचे उपचार आयुष्मान भारतमधून वगळलेले आहेत. स्त्रीबीज गोठवणं त्याच खान्यात पडतं.

ही वर्गवारी मुळात चुकीची वाटते. योजनेतून दिलेल्या औषधानेच अंडाशय निकामी होणार, हे आधीच माहीत आहे. मग ते वाचवणं हा 'वंध्यत्वाचा उपचार' कसा? तो कॅन्सरच्या उपचाराचाच भाग. उलटीची गोळी जशी किमोच्या पॅकेजमध्ये धरतात, तसंच हे. जपानने एप्रिल २०२१ पासून तरुण कॅन्सर रुग्णांना यासाठी सरकारी अनुदान सुरू केलं आहे. फ्रान्समध्ये हा खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो.

आपल्याकडे खासगी केंद्रात औषधांसह खर्च साधारण लाख-दोन लाखांच्या घरात जातो. वर दरवर्षीचं साठवणुकीचं भाडं. हंगामाच्या पट्टीतून हे निघत नाही. कॅन्सर झालेल्या मुलीसाठी सासरने सोनं मोडावं की माहेरने, यावरून भांडणं होतात आणि त्यात दिवस जातात. राज्य सरकारने योजनेच्या यादीत एक ओळ घातली तर ती सगळ्यांसाठी नसेल. कमी वय, मूल झालेलं नाही, अंडाशयाला घातक औषध ठरलेलं, एवढ्याच रुग्णांसाठी ती असेल. त्याने तिजोरीला भगदाड पडणार नाही.

आणि तोवर? कागदावर प्रश्न छापायला तर पैसा लागत नाही. जिल्ह्यातल्या डे-केअर सेंटरच्या केसपेपरवर, रक्तगटाच्या खाली, 'पुढे मूल हवं आहे का, रुग्णाला माहिती दिली का' एवढी एक ओळ असली तरी निम्मं काम होईल. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या पातळीवर होण्यासारखी ही गोष्ट आहे.

पैसा अजिबातच जमत नसेल तर एक कमी खर्चाचा मार्ग डॉक्टरांना विचारता येतो. किमो सुरू होण्याच्या आधीपासून ठरावीक अंतराने, बहुधा महिन्याला, एक इंजेक्शन देऊन अंडाशय 'झोपवून' ठेवतात. स्तनाच्या कॅन्सरच्या रुग्णांत त्याने अंडाशय निकामी होण्याचं प्रमाण कमी झाल्याचं अभ्यासात दिसलं आहे. बीज गोठवण्याची जागा ते पूर्ण घेत नाही, पण काहीच न करण्यापेक्षा बरं. हे इंजेक्शन जिल्ह्यातल्या सेंटरमध्येही देता येण्यासारखं आहे.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये वेगळा विचार करावा लागतो. बार्शीला १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते, तिच्यामुळे हा आजार खेड्यातल्या बायकांना किती गाठतो हे जगापुढे आलं. यात शेक द्यायचा असेल तर अंडाशय ऑपरेशनने वर सरकवून शेकाच्या वाटेतून बाजूला ठेवता येतात. मात्र गर्भपिशवी वाचत नाही, म्हणून पुढे मूल हवं तर सरोगसीच्या कायद्याची वाट धरावी लागते, आणि ती वाट सोपी नाही.

मुलग्यांचं काम फार सोपं आहे. वीर्य गोठवायला एक-दोन दिवस आणि काही हजार रुपये पुरतात. तरीही विशी-पंचविशीतल्या पोरांना हे न सांगता किमो सुरू होते. बापाला विचारायला लाज, पोराला सांगायला लाज.

सही कुणाची, बीज कुणाचं

या विषयावर देशात कायदा आहे, २०२१ चा. तो २५ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार २१ वर्षांवरची बाई, लग्न झालेली असो वा नसो, ही सेवा घेऊ शकते. या कायद्याखाली नोंदणी असलेल्या ठिकाणीच हे करता येतं, म्हणून नोंदणी क्रमांक विचारायलाच हवा. साठवणुकीची मुदत साधारण १० वर्षांची धरली जाते. २१ वर्षांखालच्या मुलींचं काय, हा प्रश्न कायद्याने नीट सोडवलेला नाही. १६-१७ वर्षांच्या मुलीला कॅन्सर झाला तर डॉक्टर आणि पालक अडकतात. पाळी न आलेल्या लहान मुलींसाठी अंडाशयाचा तुकडा गोठवण्याची पद्धत जगात आहे. असा तुकडा परत बसवून पहिलं बाळ २००४ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलं, तिथे आई मोठी बाई होती. आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी.

कुमारिकेच्या आईला आणखी एक काळजी असते, आतून होणाऱ्या सोनोग्राफीची. ती डॉक्टरांपुढे स्पष्ट बोलून टाकावी. पोटावरूनही तपासणी करता येते, संकोचापायी उपचार सोडून देण्याची गरज नाही.

लग्न झालेल्या बाईपुढे डॉक्टर दोन पर्याय ठेवतात. नुसती बीजं गोठवायची, की नवऱ्याच्या वीर्याने गर्भ तयार करून तो गोठवायचा. गर्भ गोठवणं जुनं आणि खात्रीचं मानलं जातं, म्हणून घरचे तिकडे झुकतात. पण एक गोष्ट शांतपणे लक्षात घ्यावी. गर्भावर दोघांचा हक्क, तो वापरायला दोघांची सही लागते. बीज फक्त तिचं. कॅन्सर झाल्यावर बायकोला माहेरी सोडून आलेले नवरे गावोगाव आहेत, हे कटू असलं तरी खोटं नाही. जिथे शंका आहे तिथे बीजं, निदान काही बीजं तरी, वेगळी ठेवलेली बरी.

आणि फॉर्म वाचून सही करावी. रुग्णाचा मृत्यू झाला तर साठवलेल्या बीजाचं काय करायचं, हे आधी लिहून घेणं कायद्याने सक्तीचं आहे. घाईत त्या रकान्यात कुणीही काहीही टिक करतं. दिल्ली उच्च न्यायालयात एक प्रकरण गेलं होतं. कॅन्सर झालेल्या अविवाहित तरुणाने किमोआधी वीर्य ठेवलं, तो गेला, आणि आई-वडिलांना ते मिळेना. चार वर्षं भांडल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मुंबई उच्च न्यायालयातही जून २०२५ मध्ये असंच प्रकरण आलं. मुलाने फॉर्मवर 'मृत्यूनंतर नष्ट करा' असं लिहून दिलेलं, आणि आई म्हणते राखून ठेवा. न्यायालयाने सुनावणी होईपर्यंत ते जपून ठेवायला सांगितलं. दोन्ही घरांत दुःख मोठं, आणि भांडण एका रकान्याचं.

सही रुग्णाचीच लागते. नवऱ्याची नाही, सासऱ्याची नाही. म्हणजे तिला आजार काय आहे ते सांगावंच लागेल, बाकड्यावरून उठवून केबिनमध्ये न्यावंच लागेल. 'घाबरेल' म्हणून लपवलं तर ती सही करणार कशावर?

बायोप्सीचा रिपोर्ट आला की डॉक्टरांना तीन गोष्टी विचारायच्या. या औषधाने अंडाशयाला धोका किती? उपचार किती दिवस थांबू शकतो? आणि बीज गोठवण्यासाठी कुठे पाठवाल? उत्तर तोंडी न घेता चिठ्ठीवर घ्यायचं. आजार कुठला, कुठली औषधं ठरली आहेत आणि किती तारखेपर्यंत थांबता येईल हे त्या चिठ्ठीत असावं. सोबत बायोप्सीचा रिपोर्ट, आधार, जुन्या सोनोग्राफी. चिठ्ठीवरची तारीख ठळक असू द्या, कारण पुढच्या केंद्रातलं सगळं वेळापत्रक त्याच तारखेवरून उलटं मोजलं जातं.